खान्देशच्या आठवडे बाजारात मैत्रिणीसोबत: नवख्यांसाठी खरेदीचे मार्गदर्शन

नोकरीच्या किंवा बदलीच्या निमित्ताने जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत नव्याने राहायला आलेली कुटुंबे पहिले काही महिने भाजी बहुधा कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून घेतात. आपल्या घरापासून काही किलोमीटरवर दर आठवड्याला शेतकऱ्यांचा माल थेट येतो, हे त्यांना कोणी सांगेपर्यंत कळत नाही. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून बदलून आलेली माझी एक मैत्रीण माझ्याबरोबर प्रथमच आमच्या तालुक्याच्या बाजाराला आली. त्या दिवशी तिने विचारलेले प्रश्न इतके नेमके होते की, मी इतकी वर्षे सवयीने करत आलेल्या गोष्टींची कारणे मला तिच्यासाठी नीट शोधून सांगावी लागली. पुढील मजकूर त्या प्रश्नांच्या आधारानेच लिहिला आहे.

आधी जेवण ठरवावे, मग यादी

नवख्या माणसाने 'आठवड्याची भाजी आणू' एवढ्याच विचाराने बाजारात शिरू नये. एक जेवण ठरवावे आणि त्याच्या जिनसांची यादी करावी. आम्ही भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी ठरवली होती, कारण हिवाळा होता आणि खान्देशच्या हिवाळ्यात बाजारातला उत्तम माल या एकाच ताटात एकत्र येतो. चार मोठ्या माणसांसाठी आमची यादी अशी होती: दीड ते दोन किलो भरताची वांगी, शंभर ग्रॅम हिरवी मिरची, लसणाचे दोन गड्डे, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, कोथिंबीर, वाटीभर शेंगदाणे, तोंडी लावायला मुळा व लिंबू, आणि भाकरीसाठी दादर ज्वारी व अख्खे काळे उडीद. यादी हातात असली की बाजाराच्या गर्दीत मन भरकटत नाही, आणि दुकानदाराला विचारायचा प्रश्नही नेमका राहतो.

वार आणि वेळ

प्रत्येक गावाच्या बाजाराचा वार ठरलेला असतो, आणि शेजारच्या गावांचे वार सहसा एकमेकांवर येत नाहीत, कारण तेच विक्रेते एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत असतात. वार विचारायचा तर दूधवाल्याला किंवा एसटीच्या वाहकाला विचारावा. बाजाराच्या दिवशी कोणत्या गाडीला टोपल्यांची गर्दी असते, हे वाहकाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमारास पोहोचावे. तोवर बहुतेक माल मांडून झालेला असतो आणि निवडायला वावही असतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ भागात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा नऊच्या आत खरेदी उरकावी किंवा ऊन कलल्यावर निघावे. भर दुपारी घेतलेली पालेभाजी घरी येईपर्यंत मान टाकते. संध्याकाळी बाजार उलगायला लागला की भाव उतरतात हे खरे आहे, आणि टमाटे किंवा कोबी यांच्यासारख्या मालासाठी तेवढे थांबणे परवडतेही, परंतु भरताची वांगी घ्यायची असतील तर उलगत्या बाजारावर विसंबू नये, कारण चांगली वांगी दुपारपूर्वीच निघून गेलेली असतात.

सोबत जाड कापडाच्या तीन पिशव्या, एक पसरट टोपली आणि दहा, वीस, पन्नासच्या सुट्या नोटा न्याव्यात. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे पिशवी विक्रेत्याने द्यावी अशी अपेक्षा ठेवू नये. मोबाइलवरून पैसे घेण्याची सोय आता अनेकांकडे दिसते. तरी एका टोपलीत दोन जुड्या घेऊन बसलेल्या आजीकडे ती असेलच असे नाही, आणि अनेकदा चांगला माल तिच्याकडेच असतो.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

बाजारात शिरताच समोर दिसणाऱ्या पहिल्या ढिगापाशी थांबण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि एक पूर्ण फेरी काहीही न घेता मारावी. या फेरीत यादीतल्या प्रत्येक जिनसाचा भाव तीन ठिकाणी विचारावा व मनात ठेवावा.

भाव विचारताना बोलीकडे थोडे लक्ष द्यावे. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली कानावर पडते. आपली मराठी सर्वांना समजते, तरीही 'काय भाव से?' एवढे तीन शब्द नवख्याच्या तोंडून आले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचा परकेपणा लगेच कमी होतो, हे मी माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिले. वयस्क बाईला 'मावशी' किंवा 'माय', मध्यमवयीन माणसाला 'भाऊ', वृद्धाला 'आबा' किंवा 'नाना' म्हणावे. एकेरी हाक मारू नये. समोरचा माणूस वयाने लहान असला तरी 'भाऊ' चालते.

भाज्यांची नावेही थोडी वेगळी आहेत. घोसाळ्याला येथे गिलके म्हणतात, लाल भोपळ्याला गंगाफळ, आणि पोकळा ही माठाच्या जातीची पालेभाजी खान्देशात फार आवडीने खाल्ली जाते. माझ्या मैत्रिणीने एका मावशींकडे घोसाळी मागितली, तेव्हा त्यांच्या पुढ्यातच गिलक्यांचा ढीग असूनही त्यांनी 'नाही' म्हणून मान हलवली. नाव ठाऊक नसेल तेव्हा सरळ बोट दाखवून विचारावे, आणि त्याची भाजी कशी करतात हेही विचारावे. बाजारातल्या बायका हे इतके सविस्तर सांगतात की कधी कधी पुढचे गिऱ्हाईक खोळंबते.

पिकवणारा कोण, विकणारा कोण

नवख्या गिऱ्हाइकाने बाजारात सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट माझ्या मते हीच आहे. ज्याच्या पुढ्यात बारा-पंधरा प्रकारची, एकसारख्या आकाराची, पाणी मारून रचलेली भाजी असते, तो बहुधा मोठ्या बाजारातून माल घेऊन आलेला विक्रेता असतो. शेतकरी सहसा बाजाराच्या कडेला, गोणपाटावर, एक-दोन किंवा फार तर तीन जिनसा घेऊन बसतो. त्याच्या मालात लहान-मोठे एकत्र असते, मुळ्याला माती असते, मेथीच्या जुडीत एखादे गवताचे पाते सापडते. त्याला परतीची गाडी गाठायची असते, म्हणून तो दुपारनंतर थांबेलच असे नाही.

खात्री करायची असेल तर 'हे तुमच्या शेतातले का?' असे मोकळेपणाने विचारावे, आणि पाठोपाठ तोडणी केव्हा केली, पाणी विहिरीचे की पाटाचे, फवारणी शेवटची केव्हा झाली, असे दोन-तीन प्रश्न विचारावेत. ज्याने पिकवले आहे त्याची उत्तरे अडखळत येत नाहीत. फवारणीचा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. तो वाटू देऊ नये, कारण औषध मारल्यानंतर किती दिवस तोडणी करू नये हे शेतकऱ्याला माहीत असते, आणि गिऱ्हाईक विचारते आहे हे कळले की तो पुढच्या वेळी स्वतःहून सांगतो.

याचा अर्थ विक्रेत्याकडून काही घेऊच नये असा नाही. बटाटे, आले, लांबून येणारा माल त्याच्याकडेच मिळतो, आणि वर्षभर दर आठवड्याला त्याच जागी बसणारा विक्रेता आपले नाव जपतो. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, आणि शेतकऱ्याला आपला माल समितीच्या आवाराबाहेर थेट विकण्याची मोकळीक मिळाली. आपण शेतकऱ्याकडून दोन किलो वांगी घेतो तेव्हा मधल्या अडत-हमालीचा भार त्या व्यवहारावर नसतो, म्हणून दोघांनाही तो परवडतो. माझ्या पैशातला जास्तीत जास्त वाटा ज्याने रात्री पिकाला बारे (पाणी) दिले त्याच्या हाती जावा, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून मी ही चौकशी दर वेळी करते.

वांगी

भरताचे वांगे काळे-जांभळे नसते, हे बाहेरून आलेल्यांना प्रथम सांगावे लागते. जळगाव भागातले भरताचे वांगे फिकट हिरवे, पांढुरक्या रेषांचे, मोठे आणि चकचकीत असते. त्यात बी कमी असते आणि भाजल्यावर गर लोण्यासारखा होतो. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. 'जळगाव भरीत वांगी' या नावाने या वाणाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा खरा हंगाम थंडीचा आहे, आणि उन्हाळ्यात त्याच नावाने जे मिळते त्याला ती चव नसते.

निवडताना वांगे हातात घेऊन तोलावे. सारख्या आकाराच्या दोन वांग्यांपैकी हलके लागेल ते घ्यावे, कारण जड वांग्यात बी भरलेले असते आणि ते भरीत दाताखाली कचकचते. त्यानंतर देठ पाहावा: तो हिरवा, टवटवीत आणि फळाला घट्ट बसलेला हवा, देठाची टोपी तपकिरी होऊन सुटत असेल तर तोडणीला बरेच दिवस झालेले आहेत. अंगठ्याने हलकेच दाबल्यावर साल पुन्हा वर यावी. खळगा तसाच राहिला तर वांगे शिळे आहे. शेवटी वांगे गोल फिरवून छिद्र शोधावे, विशेषतः देठाजवळ, कारण शेंडे व फळ पोखरणारी अळी तेथून आत शिरते आणि बाहेर टाचणीएवढी खूण असली तरी आतला गर काळा पडलेला असतो. देठाला बारीक काटे असतात, तेव्हा ढिगात हात जपून घालावा.

माझ्या मैत्रिणीने पहिल्यांदा सर्वांत मोठी आणि सर्वांत जड वांगी काढून ठेवली होती. पैसे तितकेच पडणार असतील तर भरगच्च फळ घ्यावे, असा तिचा साधा विचार होता. मी दोन वांगी तिच्या दोन्ही हातांत दिली आणि फरक जाणवू दिला. त्यानंतरची निवड तिने एकटीने केली आणि ती माझ्यापेक्षा सरस होती.

मिरची, पात आणि बाकीचे

भरतासाठी लसूण आणि हिरवी मिरची तेलात परतून ठेचतात, त्यामुळे मिरची ताठ, चकचकीत आणि देठासकट असावी. तिखटपणा नजरेने ओळखता येत नाही. विक्रेत्याला विचारावे, आणि खान्देशात 'मध्यम तिखट' म्हणजे पुणे-मुंबईकडचे चांगलेच तिखट, हे लक्षात ठेवून पहिल्या वेळी निम्मीच मिरची वापरावी. कांद्याच्या पातीचा कांदा लहान, पांढरा आणि पात नळीसारखी उभी असावी. टोके पिवळी पडलेली जुडी घेऊ नये. लसूण पाकळ्या घट्ट असलेला, कोंब न आलेला घ्यावा. शेंगदाणे चाखून घ्यावेत, कारण खवट दाणा एकच असला तरी पूर्ण भरताची चव बिघडते.

दादर आणि उडीद

खान्देशात रब्बी ज्वारीला दादर म्हणतात. काळ्या कसदार जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर ती येते, आणि नवी दादर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात दिसू लागते. तिची भाकरी पांढरी, मऊ आणि गोडसर होते. दाणा मोत्यासारखा टपोरा आणि चकचकीत हवा. मूठभर दाणे नाकाशी नेऊन कुबट वास येत नाही ना हे पाहावे, एक दाणा दाताखाली फोडावा: टणक 'कट्' आवाज आला तर ती नीट वाळलेली आहे. तळहातावर दाणे पसरल्यावर पीठ हाताला चिकटले किंवा दाण्याला बारीक भोक दिसले तर सोंडे लागलेले आहेत असे समजावे.

कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेले पीठ. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद आणि थोडे मीठ असे प्रमाण असते. घरोघर ते थोडे बदलते. उडीद सालीसकटच घ्यावेत. दळायला देताना गिरणीवाल्याला 'कळणा आहे' एवढे सांगितले की तो गव्हाच्या पाठोपाठ ते न घालता ज्वारीच्या दळणानंतर घालतो.

मैत्रिणीसोबत बाजाराला जाण्याचा लाभ धान्य घेतानाच सर्वांत जास्त होतो. शेतकऱ्याकडे ज्वारी घेताना पाच किलोला एक भाव आणि अर्ध्या क्विंटलला दुसरा भाव असतो. एका घराला पन्नास किलो साठवणे जड जाते, दोन घरांना जात नाही. हिवाळ्याअखेर येणारी वाळलेली लाल मिरची घेतानाही आम्ही हेच करतो. नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची मोठी आवक होते, आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेली मिरची लांबूनही लाल दिसते. अशी मिरची घेताना देठ शाबूत, रंग एकसारखा आणि हलवल्यावर आत बी खुळखुळणारी पाहावी. पांढरट पडलेली फटकी मिरची बाजूला काढायला सांगावी.

केळी

जळगावच्या केळीलाही २०१६ सालचे मानांकन आहे, आणि रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांचे अर्थकारण बरेचसे तिच्यावर उभे आहे. बाजारात केळी फणीने मिळतात, आणि दोघी असाल तर एक मोठी फणी घेऊन वाटून घ्यावी. आज खायची असतील तर सालीवर तपकिरी ठिपके आलेली घ्यावीत, ती गोड असतात. तीन-चार दिवस पुरवायची असतील तर टोकाला हिरवट झाक असलेली घ्यावीत. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा केळी कशी पिकवली हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

थंडीत केळीची साल राखाडी, मळकट दिसते. खान्देशात रात्रीचे तापमान दहा अंशांखाली उतरते आणि केळीला तेरा अंशांखालची थंडी सोसत नाही, म्हणून सालीचा रंग मरतो. आतला गर बहुधा उत्तम असतो. अशी केळी स्वस्त मिळतात आणि ती जरूर घ्यावीत. याच कारणाने घरी केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

माप आणि भाव

काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर टोपली ठेवण्यापूर्वी तो शून्यावर आहे का हे पाहावे. तराजू असेल तर रिकामी पारडी समतोल आहेत का हे पाहावे, आणि वजनाच्या जागी दगड वापरला जात असेल तर तेथे घेऊ नये. वैधमापन शास्त्र विभागाकडून इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. शिक्का पाहायला मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. काही माल वजनाने न विकता वाट्याने, म्हणजे लहान ढीग लावून विकतात. वाटा घेताना खालचा माल वरच्यासारखाच आहे ना, हे पाहून घ्यावे.

घासाघीस करावी, पण ती किलोवर आणि मोठ्या खरेदीवर करावी. दहा रुपयांच्या मेथीच्या जुडीवर दोन रुपये कमी करवून घेणे मला पटत नाही; त्या जुडीमागे पहाटेची खुडणी आणि एसटीचे भाडे असते. बोहणीच्या वेळी फार ताणू नये. भाव ठरल्यावर 'थोडे वर टाका' म्हटले तर मूठभर कोथिंबीर किंवा दोन मिरच्या आनंदाने मिळतात.

खरेदीचा क्रम आणि वाटणी

दुसऱ्या फेरीत प्रथम धान्य घ्यावे आणि ते विक्रेत्याकडेच बांधून ठेवावे, परतताना उचलावे. त्यानंतर गंगाफळ, बटाटे, कांदे यांसारखा जड माल एका पिशवीत, मग वांगी टोपलीत एकाच थरात, आणि पालेभाजी, टमाटे, केळी सर्वांत शेवटी वेगळ्या पिशवीत घ्यावीत. एकीने पैसे द्यावेत आणि दुसरीने काट्याकडे लक्ष ठेवावे. हिशोब कागदावर तेथेच लिहावा, घरी जाऊन आठवण्यावर ठेवू नये.

यादीबाहेरची एकच वस्तू घेण्याची मुभा दोघींनी आपापल्याला द्यावी. पावसाळ्यात ती कटुर्ली असतील, सातपुड्याकडच्या बाजारात बांबूचे कोंब असतील. रानभाज्या मात्र ज्या बाईने खुडून आणल्या तिच्याकडूनच घ्याव्यात आणि शिजवण्याची रीत तिलाच विचारावी, कारण काही रानभाज्यांचे पहिले पाणी टाकून द्यावे लागते.

घरी आल्यावर

पालेभाजी धुऊन ठेवू नये. जुडी सोडून, पिवळी पाने काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी. मिरचीचे देठ काढून ठेवले की ती जास्त दिवस टिकते. दादर एक दिवस कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच कोठीत भरावी आणि थरांमध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा.

वांगी त्याच संध्याकाळी भाजावीत. खेड्यात ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. शहरात गॅसच्या मंद आचेवर भाजता येतात. जाळावर ठेवण्यापूर्वी सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचावे, नाहीतर आतल्या वाफेने वांगे फुटते. साल पूर्ण काळी होऊन वांगे बसले की काढून, झाकून दहा मिनिटे ठेवावे, मग सोलावे आणि लाकडी बत्त्याने ठेचावे. मिक्सरमध्ये घालू नये, गराचे धागे तुटून ते चिकट होते. पात आणि कोथिंबीर अगदी शेवटी, भाकरी तव्यावर असताना घालावी, म्हणजे ताटात येईपर्यंत पात कुरकुरीत राहते.